गोखिवऱ्याचा कडू पाहुणचार

काशी-रामेश्वराच्या यात्रांची वर्णने आमच्या वाचकांनी पुष्कळ वाचली असतील. आम्ही आज सांगणार आहोत ती यात्रा त्या मानाने फारच लहान आहे. वाईहून निघून वसई तालुक्यातील गोखिवरे या गावी जाणे आणि तीन दिवसांनी परत येणे, एवढाच तिचा विस्तार. पण प्रत्येक यात्रेत काही तरी तीर्थ घडावयाचे, तसे ते आम्हांसही घडले. हे तीर्थ मात्र काचेच्या बाटलीत होते, फेसाळणारे होते आणि चवीला कडू होते. 'तीर्थ' या शब्दाचा जो दुसरा अर्थ थट्टेने रूढ झाला आहे, तोच प्रथम आमच्या मनात आला आणि तेथूनच आमच्या फजितीस आरंभ झाला.

निमित्त असे घडले. आमचे थोरले बंधू कैलासवासी झाल्यापासून आमच्या वहिनी आपल्या मुलाकडे गोखिवऱ्यास असतात. हा आमचा पुतण्या तेथील एका कारखान्यात हिशेबाचे काम पाहतो. सूनबाईंस सातवा महिना लागला, तेव्हा वहिनींचा निरोप आला की, "नवरात्र उठले की डोहाळजेवण करावयाचे आहे. घरातले वडील माणूस आता तुम्हीच. तर दोघांनीही अगत्य यावे." नोकरीतून निवृत्त झालेल्या शिक्षकास अशा आमंत्रणाचे अप्रूप फार. विजयादशमीचे सोने लुटून दुसऱ्याच दिवशी आम्ही उभयतां निघालो.

वाईहून मुंबईपर्यंतच्या प्रवासात सांगण्याजोगे काही नाही. खरा प्रवास दादरपासून पुढे. विरारच्या गाडीत शिरणे हा एक पुरुषार्थच आहे. धर्म, अर्थ, काम आणि मोक्ष यांच्या पंक्तीस तो पाचवा म्हणून बसवावयास हरकत नाही. कोणा सुशील तरुणाने आम्हांस बसावयास जागा दिली, त्याचे कल्याण असो. भाईंदर मागे पडले आणि गाडी खाडीच्या पुलावर आली, तेव्हा मात्र सगळा शीण उतरला. खाली वसईच्या खाडीचे संथ पाणी, मध्ये पाणजू बेटाची हिरवी रेघ, आणि पलीकडे उन्हात चकाकणारी मिठागरे. डब्यातील नेहमीची मंडळी आपापल्या यंत्रांत डोके घालून बसली होती. ज्यास रोज गंगा दिसते त्यास गंगेचे महत्त्व वाटू नये, हा जगाचा नियमच आहे.

वसई म्हटले की आपणां मराठी वाचकांस चिमाजी आप्पांचा १७३९ चा विजय आठवतो. ज्यांस खाण्याची आवड आहे त्यांस तेथील सुकेळी आठवतात. पण किल्ला, केळीच्या बागा, पानमळे, फुलांच्या वाड्या हे सर्व रेल्वेच्या पश्चिमेस. गोखिवरे पूर्वेस, डोंगराच्या अंगास आहे. स्थानकाबाहेर रिक्षात बसून 'गोखिवरे' म्हणावे, तो रिक्षावाला 'रेंज ऑफिस का?' असे विचारतो. वनखात्याच्या कचेरीवरून पडलेले हे नाव लोकांच्या तोंडी इतके बसले आहे. नाव रानाचे, पण दोन्ही बाजूंस दिसतात ते उंच इमारतींचे आणि कारखान्यांच्या गाळ्यांचे तांडे. वसई-विरार शहर महानगरपालिका २००९ मध्ये झाली आणि १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाण्यातून पालघर जिल्हा निराळा निघाला. या दोन फेऱ्यांत गोखिवऱ्याचे गावपण बरेचसे संपले. तरी ते अगदीच गेले नाही. गावचा तलाव आहे. पहाटे त्याच्या काठी फिरणारी वृद्ध मंडळी आहेत. आणि पूर्वेकडे मान वळविली की तुंगारेश्वराचा डोंगर आहे. तुंग म्हणजे उंच. अर्थास शोभेल अशा त्या डोंगराच्या रानात महादेवाचे देऊळ असून २००३ पासून हे रान अभयारण्य म्हणून राखलेले आहे. पावसाळा नुकताच संपला होता. पायथ्याच्या पाड्यांवरील बाया नाक्यावर काकड्या आणि भाज्यांच्या जुड्या घेऊन बसल्या होत्या, आणि त्यांच्या मागे कारखान्याचा भोंगा वाजत होता.

असो. आम्ही घरी पोहोचलो, पाय धुतले, देवास नमस्कार केला. सूनबाईंनी वाकून नमस्कार केला तो आम्ही अर्ध्यावरच थांबविला. त्यांच्या मातुःश्री, म्हणजे आमच्या विहीणबाई, पालघराहून आदल्या दिवशीच आल्या होत्या. या बाईंनी सरकारी रुग्णालयात परिचारिका म्हणून पुष्कळ वर्षे सेवा केली आहे. बोलणे मोजके, पण जे बोलतील ते पक्के. हा त्यांचा स्वभाव पुढील प्रसंगासाठी वाचकांनी ध्यानात ठेवावा.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाणी घेण्यासाठी आम्ही शीतपेटी उघडली. दाराच्या कप्प्यात चार-पाच लहान बाटल्या उभ्या होत्या. एकीवर इंग्रजी अक्षरांत 'स्वामी' असे नाव. आम्हांस वाटले, एखाद्या मठाचे औषध असावे. खाली 'टॉनिक' हा शब्दही होताच! जवळ चष्मा नेऊन पाहतो तो त्याखाली ग्रेपफ्रूट या फळाचे नाव. पुतण्यास हाक मारून विचारले, तो तो सहज म्हणाला, "काका, तो मिक्सर आहे."

आमचे कुटुंब ओट्यापाशी खोबऱ्याच्या चटणीची तयारी करीत होते. ते ऐकून त्यांनी तेथूनच सांगितले, "अरे, मिक्सर आहे तर दे ना इकडे! केव्हाची चटणी खोळंबली आहे."

पुतण्या हसू लागला. पण आमच्या कपाळास आठ्या पडल्या. 'मिक्सर' म्हणजे दारूत मिसळावयाचे पाणी, एवढे ज्ञान वर्तमानपत्रे वाचणाऱ्या माणसास असतेच. ज्या घरात उद्या ओटी भरावयाची, त्या घरात हे? आम्ही त्यास बाजूच्या खोलीत नेले आणि जे काही बोलावयाचे ते बोललो. तोही मुकाट्याने ऐकून घेत होता. आमचे संपल्यावर तो म्हणाला, "काका, मी अजून थेंबही घेतलेला नाही. आईला शब्द दिला आहे. हे पाणी त्यासाठीच आहे."

मग त्याने जे सांगितले ते घरोघरच्या वडील माणसांनी ऐकण्याजोगे आहे. कारखान्याचे मालक, गिऱ्हाइके, बाहेरगावचे व्यापारी यांच्या मेजवान्या वारंवार होतात. तेथे ज्याचा हात रिकामा त्यास दहा जण आग्रह करतात. गोड सरबत मागितले तर 'हा अजून बाळ आहे' म्हणून हसतात. परंतु उंच पेल्यात बर्फ, लिंबाची चकती आणि हे कडू फसफसते पाणी असले, की पेल्यात आणखी काय आहे हे कोणी विचारीत नाही. चवही थोरांची, गोडगोड नव्हे. "ज्यांना घ्यायची ते हे दारूत घालतात, मी नुसतेच घेतो," असे तो म्हणाला. आम्ही ज्यास मद्याचा सोबती समजत होतो, तोच या मुलाच्या शब्दाचा राखणदार निघाला. आम्ही त्याच्या पाठीवरून हात फिरविला. माफी मागण्याची आमच्या पिढीस तेवढीच रीत ठाऊक आहे.

इतके झाल्यावर त्या पाण्याविषयी आमच्या मनात कुतूहल उत्पन्न झाले. दुपारी शेजारचे गृहस्थ भेटावयास आले. ते वसईच्या पश्चिमेकडील जुन्या ख्रिस्ती घराण्यातले, बागायत विकून इकडे राहावयास आलेले. भाषा अशी गोड की आपल्याकडील पुराणिकांनी हेवा करावा. त्यांच्याकडे लग्नकार्यात मद्य निषिद्ध नसल्यामुळे मिसळण्याच्या शास्त्रात त्यांचा अधिकार मोठा. त्यांनी सांगितले की, जिन नावाच्या विलायती मद्यात टॉनिक घालतात. गोमंतकात काजूच्या बोंडांचा पहिल्या वाफेचा हुर्राक उन्हाळ्यात निघतो, त्यात लिमका ओतून वर लिंबू पिळतात, मीठ घालतात आणि चिरलेली हिरवी मिरची टाकतात. फेणीची सोबतही पुष्कळ ठिकाणी लिमकाच करते. गोडाने मद्याचा उग्रपणा झाकला जातो, आंबटाने तो जिभेवर रेंगाळत नाही, आणि कडूने कडूशी जमते. अशी त्यांची उपपत्ती. हे सारे आम्ही ऐकीव सांगत आहोत, अनुभवाचे नव्हे, हे निराळे सांगावयास नको. त्यांनी एक शहाणपणाची गोष्टही सांगितली, "गुरुजी, चव लपते म्हणून माप चुकते, आणि माप चुकले की माणूस चुकतो." फसफसत्या पाण्याबरोबर घेतलेले मद्य पुष्कळांच्या अंगात लवकर भिनते, असे प्रयोगांतही दिसून आलेले आहे, तेव्हा त्यांचे म्हणणे नुसते बोधवचन नाही.

आता आमच्यातील शिक्षक जागा झाला. त्या रात्री आणि दुसऱ्या सकाळी पुतण्याच्या यंत्रावर आम्ही या पाण्याची वंशावळ शोधून काढली. ती येथे थोडक्यात देतो.

पाण्यात वायू कोंडण्याची युक्ती इंग्लंडातील जोसेफ प्रीस्टले याने १७७२ मध्ये प्रसिद्ध केली. श्वेप नावाच्या कारागिराने १७८३ मध्ये जिनिव्हा येथे तिचा धंदा केला. त्याचेच नाव आजही बाटल्यांवर आहे. आपल्याकडे सोड्याची बाटली म्हटली की गळ्यात काचेची गोटी अडकलेली डोळ्यांपुढे येते. ती कॉड नावाच्या इंग्रजाची, १८७२ च्या सुमाराची. मुंबईत पारशी गृहस्थ दिनशाजी पांडोळे यांनी १८८९ मध्ये ड्यूक्सचा कारखाना काढला. लहानपणी मुंबईस गेलो असता त्यांचा मँगोला आम्ही प्यालो आहोत.

या पाण्यातील कडूपणाची कथा निराळी. दक्षिण अमेरिकेतील डोंगरांवर सिंकोना नावाचे झाड होते. त्याच्या सालीने हिवताप उतरतो हे युरोपास सतराव्या शतकात कळले. पेरू देशच्या सुभेदाराची पत्नी, चिंचोनची सरदारीण, या सालीने बरी झाली, अशी आख्यायिका पसरली आणि लिनिअसने १७४२ मध्ये झाडास तिचे नाव दिले. संशोधक आता ती आख्यायिका खरी मानीत नाहीत. नाव मात्र राहिले. गोखिवऱ्यापासून जवळच चिंचोटी नावाचा प्रसिद्ध धबधबा आहे. चिंचोन आणि चिंचोटी यांचा काही संबंध नाही. तरी ते नाव ऐकताच आम्हांस गंमत वाटली खरी. १८२० मध्ये पेलेतिए आणि काव्हेंतू या दोन फ्रेंच रसायनशास्त्र्यांनी सालीतील सत्त्व निराळे काढले. तेच क्विनीन, आमच्या आजीच्या भाषेत 'कोयनेल'. इंग्रजांनी १८६० नंतर सिंकोन्याची रोपे आणवून निलगिरीवर आणि दार्जिलिंगकडे लावली. आमच्या वाईच्या वरच, महाबळेश्वरी लिंगमळ्याजवळही ही लागवड करून पाहिली गेली होती. ती साधली नाही, आणि आज तेथे जाणारे लोक धबधबा पाहून परततात.

हिंदुस्थानातील इंग्रज शिपायांस आणि अधिकाऱ्यांस तापाच्या धाकाने हे क्विनीन घ्यावे लागे. ते इतके कडू की नुसते घेववत नसे. म्हणून साखर, लिंबू, सोडा आणि जिन. औषध मद्यात शिरले ते असे. लंडनच्या इरॅस्मस बाँड याने १८५८ मध्ये टॉनिकच्या पाण्याचा हक्क नोंदविला आणि १८७० च्या सुमारास श्वेपच्या कंपनीने 'इंडियन' हे विशेषण लावूनच आपले क्विनीनचे पाणी विकावयास काढले. पुढे १९५७ मध्ये त्याच कंपनीने त्यात लिंबाचा रस आणि सालीचा कडवटपणा घालून 'बिटर लेमन' काढले. इटली देशात चिनोत्तो नावाच्या कडू नारिंगाचे असेच पाणी पितात. आमच्या पुतण्याकडील 'स्वामी' हे पाणी मात्र मुंबईतील मंडळींनी अलीकडे, २०१८ च्या सुमारास, काढलेले. ज्या देशाच्या तापासाठी हे पाणी जन्मास आले, त्या देशात ते देशी नावाने बनावयास दीडशे वर्षे लागली!

कडू फळांचा भाग तर आपल्या घरचाच आहे. आधी शब्दाचा एक घोटाळा दूर करू. संस्कृतात 'कटु' म्हणजे तिखट आणि 'तिक्त' म्हणजे कडू. मराठीत आपण 'कडू' हा शब्द कटूवरून घेतला, पण अर्थ तिक्ताचा ठेवला. षड्रसांत तिक्तास मानाचे स्थान आहे, म्हणून तर वर्षाचा आरंभ आपण कडुनिंबाने करतो. आता फळे पाहा. संस्कृतातील 'नारंग' फारशीत आणि अरबीत जाऊन स्पेनमार्गे युरोपात पोहोचले, आणि त्याचेच इंग्रजीत 'ऑरेंज' झाले. मातुलुंग म्हणजे आपले महाळुंग. कोल्हापूरच्या महालक्ष्मीच्या उजव्या हाती तेच फळ आहे. पपनस तर गणपतीच्या दिवसांत कोकणात घरोघर दिसते आणि गोमंतकात त्यास तोरंज म्हणतात. शास्त्रज्ञांनी २०१८ मध्ये या सर्व कुळाच्या बीजांची तपासणी करून असे दाखविले की, यांचे मूळ हिमालयाच्या आग्नेय पायथ्याशी, आसाम, ब्रह्मदेश आणि चीनचा युनान प्रांत यांच्या आसपास आहे. महाळुंग, पपनस आणि रानटी संत्रे हे मुख्य पूर्वज. बाकीची बहुतेक त्यांच्या संकराची प्रजा. ग्रेपफ्रूट हे पपनस आणि गोड संत्रे यांचे अपत्य, अठराव्या शतकात वेस्ट इंडीजमधील बार्बाडोस बेटावर जन्मलेले. म्हणजे 'स्वामी'च्या बाटलीतील ते परके नाव आमच्या पपनसाच्या नातवंडाचेच होते!

गृहिणींस एक अनुभव नित्याचा आहे. मोसंबीचा रस काढला तेव्हा गोड असतो, आणि घटकाभराने पाहावे तो कडवट. हा दोष हाताचा नव्हे. फळात एक पदार्थ असतो, त्यास स्वतःस कडू चव नसते. फळ चिरडले की रसाच्या आंबटपणाने त्याचे हळूहळू लिमोनिन नावाच्या कडू पदार्थात रूपांतर होते. बिया आणि सालीखालचा पांढरा भाग यांत तो विशेष असतो. म्हणून रस काढताना बिया चेचू नयेत आणि रस लागलीच प्यावा. पपनस-ग्रेपफ्रूट यांचा कडूपणा मात्र नारिंगिन या दुसऱ्या द्रव्याचा, आणि तो पहिल्यापासूनच असतो. आपण गृहिणी ज्या कडूपणास टाळतात, तोच बाटलीवाले मुद्दाम राखतात. कारण कडूमागे साखर लपते. बाटलीवरील बारीक अक्षरे वाचली तर शंभर मिलिलिटरमागे आठ-नऊ ग्रॅम साखर असलेली टॉनिके आढळतात. मधुमेह्याने 'कडू आहे, म्हणजे पथ्याचे' असे समजून फसू नये. कारले साखरेत घोळले तरी कडूच, ही आपली म्हण. येथे कडूत साखर घोळली तरी कळत नाही, असा उलटा प्रकार आहे.

एवढे ज्ञान पोटात साठल्यावर ते कोणास तरी सांगितल्यावाचून शिक्षकास चैन पडत नाही. डोहाळजेवण उरकले होते. फुलांच्या वाडीत सजलेल्या सूनबाई थकून बसल्या होत्या. ओटी भरून बायका जाऊ लागल्या होत्या. गोड खाऊन खाऊन सूनबाईंस मळमळू लागले आणि त्या म्हणाल्या, "काही तरी वेगळ्या चवीचे प्यावेसे वाटते." आम्हांस तर संधीच हवी होती. आम्ही एक बाटली फोडली, पेल्यात ओतली, आणि चरकापासून लिनिअसपर्यंत सर्वांस साक्षीस बोलावून एक प्रवचन दिले. शेवटी म्हणालो, "घे मुली, निःशंकपणे घे. कडू ते गुणकारी. हे मुळात औषध आहे. यात मद्याचा लवलेश नाही, मी स्वतः पाहिले आहे." सूनबाईंनी वडील माणसाचा शब्द म्हणून दोन घोट घेतले.

तोच विहीणबाई आतून आल्या. त्यांनी पेल्याकडे पाहिले, बाटली उचलून मागची अक्षरे वाचली, आणि काही न बोलता मुलीच्या हातचा पेला काढून घेतला. मग शांतपणे म्हणाल्या, "गुरुजी, औषध आहे म्हणूनच नको. हिला ताप कुठे आला आहे?"

सभा स्तब्ध झाली. आमच्या तोंडून शब्द फुटेना. पुतण्याचा चेहरा पांढराफटक पडला, तो पाहून आमच्या छातीत जे झाले ते लिहिता येत नाही. विहीणबाईंनीच सर्वांस सावरले. त्या म्हणाल्या, "दोन घोटांनी काही व्हायचे नाही, घाबरू नका. पण हे रोज प्यायचे पाणी नव्हे, गर्भारशीने तर नव्हेच." मागाहून त्यांनी आम्हांस नीट समजावून दिले. क्विनीन मोठ्या मात्रेत गर्भास अपायकारक ठरू शकते. गर्भिणीस हिवताप झाला तर डॉक्टर ते देत आले, पण मोजून, आणि दुसऱ्या मोठ्या संकटातून सोडविण्यासाठी. जर्मनीतील अन्नाची जोखीम तपासणाऱ्या सरकारी संस्थेने २००५ मध्ये गर्भवती स्त्रियांनी क्विनीनची पेये टाळावी असे सुचविले. गरोदरपणी रोज लिटरभराहून अधिक टॉनिक पिणाऱ्या एका स्त्रीच्या नवजात बाळास कंप सुटल्याचा दाखला त्यांच्यापुढे होता. ज्यांच्या हृदयाचे ठोके अनियमित पडतात, किंवा ज्यांच्या रक्तात जन्मतः विशिष्ट उणीव असते, त्यांनीही जपावे लागते.

आम्ही त्यावर दुबळेपणाने विचारले, "पण मग तापावर तरी याचा उपयोग?" त्यांनी आम्हांसच हिशेब घालावयास सांगितला. अमेरिकेच्या नियमाप्रमाणे लिटरभर टॉनिकमध्ये फार तर ८३ मिलिग्रॅम क्विनीन चालते. हिवतापात प्रौढ माणसास दिवसास सुमारे १८०० मिलिग्रॅम द्यावे लागे. म्हणजे दिवसास एकवीस-बावीस लिटर पाणी प्यावे तेव्हा एका दिवसाची मात्रा व्हावी! औषध म्हणून ते निरुपयोगी आणि पाणी म्हणून सर्वांस निर्दोष नाही, अशी त्याची मधली स्थिती. आम्ही मात्र त्याच्या कुळाची कीर्ती सांगत बसलो आणि मापाचा विचारच केला नाही.

आणखी एक बोध आमच्याच वाट्याचा होता. आम्ही रक्तदाबाची गोळी घेतो. विहीणबाईंनी सहज विचारले, "आणि तुम्ही किती घेतलेत?" आम्ही सकाळी कुतूहलाने अर्धी बाटली घेतली होती. त्या म्हणाल्या की, ग्रेपफ्रूटचा रस काही गोळ्यांशी जमत नाही. हा शोध मोठ्या चमत्कारिक रीतीने लागला. कॅनडातील वैद्य फेलोडिपिन या रक्तदाबाच्या औषधावर मद्याचा काय परिणाम होतो हे पाहत होते, आणि मद्याची चव कळू नये म्हणून त्यांनी त्यात ग्रेपफ्रूटचा रस मिसळला होता. पाहतात तो रक्तातील औषध अपेक्षेहून कितीतरी अधिक! शोध घेता दोष मद्याचा नव्हे, मिसळलेल्या रसाचा निघाला. १८८९ मध्ये पांडोळ्यांनी मुंबईत कारखाना काढला, त्यानंतर बरोबर शंभर वर्षांनी, १९८९ मध्ये, हे प्रसिद्ध झाले. आतड्यातील जे द्रव्य औषधाचा काही भाग मोडून टाकते, त्यास हा रस बंद पाडतो. कोलेस्टेरॉलच्या काही गोळ्यांसही हेच लागू आहे, आणि पपनस व कडू नारिंग यांतही तो गुण आढळतो. सर्व गोळ्यांचे असे नाही. म्हणून ज्याने त्याने आपल्या डॉक्टरांस विचारावे. आम्ही परत येताच विचारले. आमच्या गोळीस फारसा धोका नाही असे कळले, तेव्हा आमच्या कुटुंबाने तीन दिवस धरलेला अबोला सोडला.

त्या रात्री झोप आली नाही. खिडकीतून तुंगारेश्वराचा काळा डोंगर दिसत होता. आम्हांस आमच्या आजीची आठवण झाली. तिच्या तरुणपणी पोस्टाच्या कचेरीत कोयनेलच्या पुड्या विकत मिळत. ती सांगे की, रानालगतच्या गावी पावसाळा सरला की घरोघर थंडी वाजून माणसे अंथरुणास खिळत. तिची एक धाकटी जाऊ तशीच गेली. पुडी आणावयास गेलेला माणूस नदीच्या पुरामुळे दोन दिवसांनी परतला. त्यानंतर आजी डब्यात पुड्या जपून ठेवी. पण कोणास द्यावयाची झाली की प्रथम वय विचारी, मग पोटात मूल आहे काय ते विचारी, आणि मगच गुळाच्या खड्यात घालून देई. त्या निरक्षर बाईस कोयनेलाचा इतिहास ठाऊक नव्हता, लिनिअस ठाऊक नव्हता; 'कोणास' आणि 'किती' हे दोन प्रश्न मात्र ठाऊक होते. आम्ही चाळीस वर्षे मुलांस शिकविले आणि नेमके हे दोन प्रश्न विसरलो.

पहाटे उठून गोखिवऱ्याच्या तलावावर गेलो. काठावर विहीणबाई फेऱ्या घालीत होत्या. आम्ही म्हणालो, "विहीणबाई, काल आपण नसता तर..." त्यांनी बोलणे पुरे होऊ दिले नाही. "तुम्ही प्रेमानेच दिलेत," एवढेच त्या म्हणाल्या, आणि पुढे चालू लागल्या. आम्हीही त्यांच्या मागून एक फेरी घातली.

पुतण्याच्या बाटल्या आम्ही फेकू दिल्या नाहीत. त्याच्या मेजवानीत त्या त्याच्या कामास येतात आणि निरोगी माणसाने कधीमधी एक पेला घेतल्यास त्यात काही वावगे नाही. फक्त त्या शीतपेटीच्या वरच्या कप्प्यात निराळ्या ठेवल्या आहेत, आणि वहिनींनी त्यांवर कागद चिकटवून स्वतःच्या हाताने लिहिले आहे, 'क्विनीन आहे. विचारून घेणे.'

पौषात पालघराहून शुभवार्ता आली. कन्यारत्न, बाळ-बाळंतीण सुखरूप. बारशास आम्ही गेलो, तेव्हा पाळण्याशी उभे राहून त्या चिमुकल्या हातांकडे आम्ही पुष्कळ वेळ पाहत राहिलो. हात स्थिर होते. मागून विहीणबाई सरबताचे पेले घेऊन आल्या. आम्ही आपला पेला घेतला आणि नकळत त्याच्या मागची अक्षरे शोधू लागलो.

"घरच्या लिंबाचे आहे, गुरुजी," त्या हसून म्हणाल्या, "बिया काढून केले आहे. निःशंकपणे घ्या."